स्कॉर्पियन्स : आरंभ कोणत्या संकलनापासून करावा?

प्रश्न : हॅनोव्हरच्या स्कॉर्पियन्स या जर्मन रॉक बँडची जुनी ध्वनिमुद्रणे मला सलग ऐकायची आहेत; १९८९ सालचे ‘बेस्ट ऑफ रॉकर्स ’एन’ बॅलड्स’ हे संकलन त्यासाठी पुरेसे ठरेल का?

पहिले उत्तर : माझ्या मते नाही. त्यात १९७९पासूनचीच गाणी असल्यामुळे उली जॉन रॉथ यांच्या गिटारचा काळ पूर्णपणे सुटतो, आणि तो सुटणे हे मोठे नुकसान आहे. त्यासाठी १९७८मध्ये टोकियोत प्रेक्षकांसमोर मुद्रित झालेला ‘टोकियो टेप्स’ अवश्य घ्यावा. बँडचे गायक क्लाउस माइने ‘कोजो नो त्सुकी’ हे जपानी गीत तिथल्या श्रोत्यांसाठी जपानीतच गातात, तो भाग मला फार प्रिय आहे.

दुसरे उत्तर : सहमत. ‘कमब्लॅक’ (२०११) या त्यांच्या अल्बममधील जुनी गाणी मात्र मूळ मुद्रणे नसून बँडने नव्याने वाजवलेली आहेत, हे खरेदीपूर्वी ध्यानात ठेवावे.