ट्रकगाण्यांतला हुंदका

अमेरिकन ट्रकवाल्यांवरची गाणी म्हणजे 'नुसता वेग आणि दणदणाट' असं कुणी म्हणतं, ते मला पटत नाही. 'कमांडर कोडी अँड हिज लॉस्ट प्लॅनेट एअरमेन' या बँडचा १९७२ चा 'हॉट लिक्स, कोल्ड स्टील अँड ट्रकर्स फेव्हरिट्स' हा अल्बम एकदा सलग ऐका. मिशिगनमध्ये जमलेली, पुढे कॅलिफोर्नियात गेलेली ही मंडळी. दणदणाट आहेच: जॉर्ज फ्रेनचा पियानो बुगी-वुगी या उडत्या ठेक्याच्या शैलीत सुसाट सुटतो, बिल किर्चेनची टेलिकास्टर गिटार जाड तारांवर इंजिनासारखी घुमते. (आपल्या शैलीला किर्चेन 'डिझेलबिली' म्हणतो, अगदी चपखल नाव!)

पण मधेच 'मामा हेटेड डिझेल्स' येतं. संथ, रडवेलं. हे गाणं ट्रक हाकणाऱ्याचं नाही, मागे राहिलेल्या घराचं आहे. पेडल स्टील (पायाच्या पेडलांची आडवी गिटार) वाजतं तेव्हा नीट कान द्या. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते, पाय पेडल दाबतो आणि सूर न तुटता वाकतो, आपल्या मींडेसारखा. घशात हुंदका अडकावा तसं होतं. हे गाणं बाजूला ठेवून या अल्बमबद्दल बोलताच येणार नाही. आधी 'ट्रक ड्रायव्हिन मॅन' लावा आणि लगेच हे.