अंबाबाई कुणाची बायको? आणि हा प्रश्न पडतोच का?

संबळ:
नवरात्रात तिरुपतीहून कोल्हापूरला शालू आला की दरवर्षी तोच वाद पेटतो. एक गट म्हणतो, ही महालक्ष्मी, विष्णूची पत्नी, तेव्हा शालू हक्काचा. दुसरा म्हणतो, ही अंबाबाई, आदिशक्ती. तिला कुणाच्या घरचा शालू कशाला? मी दुसऱ्या गटातला. मूर्ती नीट बघा. पाठीशी सिंह, हातांत म्हाळुंग, गदा, ढाल नि पानपात्र, मस्तकावर नाग आणि लिंग. विष्णू आहे कुठे यात? शाक्तांच्या, म्हणजे शक्तीच्या उपासकांच्या लेखी देवी कुणाची अर्धांगी नव्हे, तीच परब्रह्म. आपल्याला मात्र तिच्या कपाळी कुणाच्या तरी नावाचं कुंकू लावल्याशिवाय चैन पडत नाही.

वाटसरू:
मस्तकावर लिंग आहे म्हणता, म्हणजे विष्णू नाही तर शिव, नातं आलंच. आणि देवीमाहात्म्यात, म्हणजे सप्तशतीच्या पोथीत, महिषासुराला मारायला ती येते कुठून? देवांच्या तेजातून. शंकराने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, इंद्राने वज्र, हिमालयाने सिंह. सगळी सामग्री उसनी, आणि म्हणे परब्रह्म!

संबळ:
वाटसरू, हा मुद्दा तुमच्याआधी त्याच पोथीतल्या शुंभ दैत्याने मांडलाय :) दहावा अध्याय काढा. तो देवीला हेच म्हणतो, दुसऱ्यांच्या बळावर लढतेस आणि गर्व कसला करतेस? त्यावर ती म्हणते, 'एकैवाहं जगत्यत्र द्वितीया का ममापरा'. या जगात मी एकटीच आहे, दुसरी आहे कोण? तेवढ्यात ब्रह्माणी वगैरे सगळ्या देवी तिच्यात विरून जातात आणि ती एकटी उभी राहते.

शिवाय तुम्ही पहिला अध्याय गाळून थेट दुसऱ्यावर आलात. मधु-कैटभ हे दैत्य ब्रह्मदेवाला मारायला निघालेत, विष्णू गाढ झोपलाय. ब्रह्मदेव आळवतो कुणाला? योगनिद्रेला. ती डोळ्यांवरून उठली तर विष्णू जागा होणार, एरवी नाही.

वाटसरू:
शुंभाच्या पंगतीला बसवलंत, ठीक. पण सौंदर्यलहरी या देवीस्तोत्राचा पहिलाच श्लोक काय सांगतो? शक्ती सोबत असेल तरच शिव समर्थ, नाहीतर त्याला हलताही येत नाही. म्हणजे जोडी आहेच.

संबळ:
एक हलू शकत नाही आणि दुसरी हलवते. छान जोडी आहे.

माळावरची मेसाई:
दोघंही पोथीतून बाहेर या जरा. मेसाई, मरीआई, सटवाई यांचं काय करणार? शिवेवर शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे नुसता दगड, नवरा नाही, शस्त्रं नाहीत, देऊळही धड नाही. यांना कुणी विष्णूच्या पदरात घालत नाही, पण संबळसारखे लोक 'शेवटी दुर्गेचंच रूप' म्हणून मोकळे होतात. मला दोन्हीत फरक दिसत नाही. लग्न लावून दिलं काय आणि अवतार ठरवलं काय, बाईचं नाव जातंच.

संबळ:
नाव जात नाही. अकराव्या अध्यायात देवी स्वतःच सांगते की मी पुढे शाकंभरी होईन, भीमा होईन, भ्रामरी होईन. सगळ्यांना जागा आहे तिथे.

माळावरची मेसाई:
म्हणजे गिळायची सोय पोथीनेच करून ठेवलीय म्हणा.

लेकुरवाळी:
इथे मूर्तीच्या नवऱ्यावरून चाललंय, आमच्या घरी देवीच्या भक्तिणीच्या नवऱ्यावरून चालतं. बाबा गेले त्यानंतर आईला ओटी भरायला कुणी बोलावेना. घटाला पाणी घालायला चालते, माळ ओवायला चालते, ओटीला नाही. दशमहाविद्यांत, म्हणजे देवीच्या दहा तांत्रिक रूपांत, धूमावती आहे ना? विधवाच दाखवतात तिला. ती देवी चालते, आई चालत नाही. देवी जोडीनेच शोभते म्हणणाऱ्या वाटसरूंनी सांगावं हे कुठून आलं.

वाटसरू:
ताई, वाईट वाटलं. पण ती समाजाची रीत झाली, त्यात शिव-शक्तीचा काय दोष? आणि धूमावती संसारी लोक घरात पुजत नाहीत, ते उदाहरण इथे लागू नाही.

लेकुरवाळी:
घरात पुजत नाहीत, बरोबर. का पुजत नाहीत, तेच विचारतेय मी.
असो. यंदा अष्टमीला आईने स्वतःच ओटी भरली. देवी काही बोलली नाही, आत्या बोलली.

वाटसरू:
आत्यांपुढे माझं काही चालणार नाही. सौंदर्यलहरीवर मात्र उद्या सवडीने लिहितो, संबळ, तो विषय संपलेला नाही.