मदत हवी आहे: मेणबत्तीचा ग्लास फार तापतो

दिवाळीच्या प्रदर्शनासाठी सोया वॅक्सच्या सुगंधी मेणबत्त्या करतेय. ग्लासचा आतला व्यास 7 सेंमी, सुती वात, मोगऱ्याचं फ्रेग्रन्स ऑइल 8 टक्के. ओतल्यावर दोन आठवडे मुरू देते. अर्ध्यापर्यंत छान जळते. तळाशी थोडं मेण उरलं की ज्योत उंच होते, काठाला काजळी धरते आणि ग्लास हातात धरवत नाही. लहान मुलं असलेल्या घरात हे द्यायला मन धजत नाही.

पेटवण्याआधी वात 5 मिमीपर्यंत कापतेच. ऑइल 6 टक्क्यांवर आणलं, फरक नाही. एका नंबरने बारीक वात लावली तर कडेचं मेण तसंच राहून मधे खड्डा पडतो. ग्लास घेऊन ठेवलेत, बदलता येणार नाहीत.

बारीक वात ठेवून सोयात नारळाचं वॅक्स मिसळलं तर कडा वितळतील का? किती टक्के मिसळावं? आणि 'तळाशी 1 सेंमी मेण उरलं की विझवा' एवढी सूचना लेबलवर पुरेल का?