घोड्यांच्या क्षेत्रात करिअर करायचे असल्यास देशात या व्यवसायाला आधार किती?

प्रश्न: फोंड्याहून एक पालक

माझी पुतणी यंदा बारावीच्या विज्ञान शाखेत आहे आणि पुढे घोड्यांशी संबंधित कामच करायचे, असा तिचा निश्चय आहे. पुण्याला आजोळी राहून ती घोडेस्वारी शिकली. आपल्या गोव्यात रेसकोर्स नाही आणि आपला घोडा म्हणजे डिचोली-सत्तरीकडच्या घोडेमोडणीत नाचणाऱ्याच्या कमरेला बांधलेला, त्यामुळे घरात सल्ला देण्याजोगे कोणी नाही. (एके काळी अरबस्तानातले घोडे गोव्याच्या बंदरात उतरून विजयनगरला जात आणि त्या व्यापाराच्या मक्तेदारीसाठी पोर्तुगीजांनी जिवाचे रान केले होते, ही गोष्ट वेगळी.) भारतात या व्यवसायात पैसा नेमका कुठून येतो, प्रत्यक्ष जनावराची निगा राखणाऱ्यापर्यंत तो पोहोचतो का, आणि धावणे संपलेल्या घोड्याचे पुढे काय होते, हे जाणकारांनी सांगावे. शेवटचा प्रश्न पुतणीचाच आहे.

उत्तर: पशुवैद्य, डिचोली

आपण एकाच व्यवसायाबद्दल विचारले आहे, पण त्यात एकमेकांशी फारसा संबंध नसलेली दोन जगे आहेत: कष्टाच्या जनावरांचे आणि शर्यतीच्या घोड्यांचे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख भरली. २०१२ मध्ये हाच आकडा ६.२५ लाख होता. घटलेल्यांत मोठा वाटा कष्टाच्या जनावरांचा आहे, कारण टांगा, वीटभट्टी आणि ओझ्याची वाहतूक ही कामे यंत्रांनी घेतली. शर्यतीचे थरोब्रेड घोडे या संख्येत मूठभर असले तरी जॉकी, ट्रेनर, रायडिंग बॉय, सईस (घोड्याची निगा राखणारा), नालबंद, स्टड (पैदास केंद्र) मॅनेजर आणि पूर्णवेळ पशुवैद्य यांच्या पगारी नोकऱ्या बहुतांशी त्यांच्याभोवतीच आहेत. आपल्या पुतणीने हे लक्षात घ्यावे की जिथे जनावराला डॉक्टरची सर्वांत जास्त गरज आहे, तिथे डॉक्टरला देण्यासाठी मालकाकडे पैसे नसतात.

थरोब्रेडच्या पैदाशीत कृत्रिम रेतन चालत नाही. संयोग नैसर्गिकच व्हावा लागतो आणि प्रत्येक शिंगराची नोंद पुण्यातील स्टड बुक (वंशनोंदणी) कार्यालयात होते. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते, आणि वर्षात केव्हाही जन्मले तरी शिंगराचे वय १ जानेवारीपासून मोजतात. साहजिकच प्रत्येक स्टडला आपली शिंगरे वर्षाच्या सुरुवातीलाच जन्मायला हवी असतात, त्यामुळे पशुवैद्याचे वर्षाचे निम्मे काम त्या चारदोन महिन्यांत, बरेचसे रात्रीचे, उरकावे लागते. ज्याला झोप प्रिय आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

किनाऱ्यावर मुलांना फिरवण्यासाठी घोडा आणतात, तो मात्र या जगातला नव्हे. वाळूवर टाकलेला चारा खाताना त्याच्या पोटात वाळू जाते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून हे दुखणे जिवावर बेतते. अशा वेळी त्याची थोडी लीद रबरी हातमोज्यात घेऊन पाणी भरायचे आणि मोजा टांगून ठेवायचा. काही वेळाने बोटांच्या टोकांशी साचलेली वाळू हाताला लागते. हातमोज्याच्या किमतीत होणारी ही परीक्षा बहुतेक मालकांना कोणी सांगितलेलीच नसते. आपल्या पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभे राहून खुराच्या तळचा मऊ भाग कुजतो, ते निराळेच.

उत्तर: करसल्लागार, मडगाव

पैसा कुठून येतो, एवढ्यापुरतेच लिहितो. शर्यतीच्या क्लबाचे उत्पन्न मुख्यतः पैजांवर मिळणाऱ्या कमिशनातून येते. त्यातून बक्षिसे, धावपट्टीची देखभाल आणि कर्मचाऱ्यांचे पगार भागतात, तर घोड्याचा खुराक आणि सईसाचा पगार मालकाने ट्रेनरला दिलेल्या मासिक रकमेतून जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला असला, तरी वस्तू व सेवा कराच्या बाबतीत ती जुगाराच्याच रांगेत बसते. हा कर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे.

गोव्यातल्या वाचकांना कॅसिनोच्या उदाहरणावरून हे चटकन समजेल. कॅसिनोत चिप्स घेण्यासाठी दिलेल्या रकमेवर कर लागतो आणि जिंकलेल्या चिप्स पुन्हा डावावर लावल्या तर तो नव्याने लागत नाही. शर्यतीत मात्र प्रत्येक पैजेच्या पूर्ण रकमेवर तो पुन्हा पुन्हा लागतो, मग लावणारा जिंको वा हरो. कर चुकवणाऱ्या बेकायदा बुकीकडे गिऱ्हाईक वळले की क्लबाचे कमिशन घटते, बक्षिसे आटतात, आणि मालक सर्वांत आधी खर्च कापतो तो बक्षीस न मिळवणाऱ्या घोड्यावरचा. जुगाराला सवलत द्यावी असे माझे म्हणणे नाही. पण कराच्या या रचनेचा भार तबेल्यापर्यंत पोहोचतो.

उत्तर: म्हापशाचा वाचक

मग हा प्रकार बंदच का होऊ नये? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा असून पहिल्या गुन्ह्याला त्यात दहा ते पन्नास रुपयांचा दंड आहे, म्हणजे किनाऱ्यावरच्या एका फेरीच्या पैशातही तो भरता येईल. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्यांची हौसेची सफर बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करायला लावल्या. जे गाड्यांना लागू झाले ते शर्यतीला का लागू होऊ नये, हे मला समजलेले नाही.

उत्तर: पशुवैद्य, डिचोली

आपला राग योग्य आहे, पण बंदीने प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो आणि शर्यतीचे त्याचे आयुष्य फार तर पाच-सहा वर्षांचे असते. उरलेल्या वीस वर्षांचा खर्च ना मालकाच्या हिशेबात असतो, ना क्लबाच्या, ना सरकारच्या. चांगल्या वंशाच्या घोड्या पैदाशीला जातात, काही घोडे रायडिंग स्कूलमध्ये जातात, आणि बाकीचे हातोहात विकले जात लग्नाच्या वरातीपर्यंत उतरतात. उद्या शर्यत बंद झाली तर हीच उतरंड सगळे घोडे एकदम उतरतील. पैजेच्या करातला काही भाग कायद्याने निवृत्त घोड्यांसाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त घोड्यांचा एक उपयोग मात्र आपण सगळेच घेतो. पावसाळ्यात सर्पदंशाच्या रुग्णाला दिले जाणारे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासूनच तयार होते: त्याला विषाची वाढती मात्रा टोचतात आणि प्रतिपिंडे तयार झाल्यावर रक्तातला द्रव (सीरम) काढून घेतात. पूनावाला कुटुंबाने १९४६ मध्ये पुण्यात स्टड फार्म सुरू केला, तिथले निवृत्त घोडे असे सीरम बनवणाऱ्या हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्यातूनच स्वतः सीरम बनवण्याची कल्पना पुढे येऊन १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. या कामातही घोड्यांच्या निगेवर लक्ष ठेवणारा पशुवैद्य लागतो, ही वाट मुलांना सहसा कोणी दाखवत नाही.

प्रश्नकर्ते, फोंडा

पुतणीला हे सगळे वाचून दाखवले. ती डगमगलेली नाही. मात्र शर्यतीच्या बाहेर राहून हेच काम कुठे करता येईल, असे ती विचारते.

उत्तर: पशुवैद्य, डिचोली

पशुवैद्यकाची पदवी मात्र आधी घ्यावीच लागेल. तिला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे लागतात आणि अखिल भारतीय कोट्यातील प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे आणि तिथे असताना महालक्ष्मी रेसकोर्स जवळच असल्याने डोळ्यांखालून घोडे पुष्कळ जातील. त्यानंतर लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये (लष्करी जनावरांची निगा पाहणारे दल) अधिकारी म्हणून जाता येते. या दलाच्या मेरठच्या केंद्रातील अश्व विभागाला २०२५ मध्ये जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने रोगमुक्त म्हणून मान्यता दिली, त्यामुळे आपले घोडे परदेशी स्पर्धांना नेण्यातला मोठा अडथळा दूर होण्याची आशा आहे. संशोधनाची आवड असेल तर हिसारचे राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र आहे.

त्याआधी, बारावीची परीक्षा झाली की तिला मार्गशीर्षात नंदुरबारजवळच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जरूर न्यावे. तिथे घोड्याचे दात बघून वय ठरवणाऱ्या माणसाजवळ तिने तासभर उभे राहावे आणि जनावर तपासताना त्याचा हात आधी कुठे जातो ते पाहावे.