रोल पुन्हा आलाय, पण हायपोचं पाणी सोडायचं कुठं?

गंगाकाठ, नांदेड
संभाजीनगर, लातूरकडं कॉलेजातली पोरं पुन्हा रोलवर फोटो काढायलेत. आजोबांच्या कपाटातला झेनिट कॅमेरा बाहेर काढायचा, ऑनलाइन रोल मागवायचा आणि न्हाणीघरात अंधार करून धुवायचा. हौस आहे, असू द्या. पण "आमचं कसं, मोबाइलपेक्षा निसर्गाच्या जवळचं" असं कुणी सुनवायला लागलं की डोकं फिरतं. रोल म्हणजे प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर जनावरांच्या हाडांपासून केलेलं जिलेटिन आणि त्यात चांदीचे क्षार. (माळकऱ्यानं रोलला हात लावावा का, यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.) चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन माशांना घातक. चित्र पक्कं करायला वापरतात त्या हायपोत चांदी उतरते. हे सगळं मोरीतून नालीत, नालीतून नाल्यात आणि शेवटी आमच्या गंगेत, म्हणजे गोदावरीत.

वरून पाणी लागतं ते वेगळंच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्या गावात नळाखाली निगेटिव्ह धरून बसायचं? रोलला भविष्य नाही, आणि आपल्याकडं तर ते नसलेलंच बरं.

जुना स्टुडिओवाला, लातूर
साहेब, नळाखाली कोण धरतंय? रोल बनवणाऱ्या इल्फर्ड कंपनीनंच सांगितलेली रीत आहे. हायपो झाला की रोल धुवायच्या छोट्या टाकीत पाणी भरा, ५ वेळा उलटीसुलटी करा, ओता. परत भरा, १० वेळा. परत भरा, २० वेळा. झाली धुऊन. एका रोलच्या टाकीत ३०० मिली पाणी बसतं, म्हणजे लिटरभरही लागलं नाही. तुमचा कूलर दुपारभरात किती पितो ते मोजा, मग लातूरच्या रेल्वेची आठवण काढा.

लग्नसराई, जालना
मी धागावाल्यांच्या बाजूनं. एका लग्नात आम्ही ३,६०० फोटो सहज काढतो. तेच रोलवर काढले तर १०० रोल झाले. तेवढ्या रोलचं हायपो कुंडलिकेत सोडायचं का?

जुना स्टुडिओवाला, लातूर
रोल असता तर तुम्ही ३,६०० काढलेच नसते! चार-पाच रोलमध्ये हळदीपासून पाठवणीपर्यंत अख्खं लग्न बसायचं, अन् नवरीचे मामा दोनदा यायचे त्यात. बरं, तुमचे अल्बम छापतात कशावर? लॅबमध्ये लेझरनं फोटो उमटवला तरी तो कागद चांदीचाच असतो आणि पुढं रसायनातूनच जातो. कार्डवर काढला म्हणून केमिकल सुटत नाही.

लग्नसराई, जालना
माझा लॅबवाला आता डिजिटल प्रेसवर छापतो, काका. पण जुन्या कागदावर छापणारे अजून आहेत, ते खरंय.

प्रयोगशाळा, परभणी
मी रसायनशास्त्र शिकवते. चांदीवर दोन्हीकडून अर्धंच बोललं जातंय.

वापरलेल्या हायपोत चांदी मोकळी नसते, थायोसल्फेटला (हायपोतलं मुख्य रसायन) बांधलेली असते. मोकळ्या चांदीच्या आयनापेक्षा ती जलचरांना पुष्कळ कमी घातक. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात गेली तर तिचं सल्फाइड होतं आणि ती गाळात बसते. पण हे सगळं केंद्र असेल तर! आपल्या किती तालुक्यांच्या गावांत ते आहे? घरच्या सेप्टिक टँकमध्ये हायपो ओतणं तर शुद्ध वेडेपणा. जे जिवाणू मैला कुजवतात, चांदी त्यांच्याच मुळावर येते.

उपाय अवघड नाही. वापरलेल्या हायपोत साधं लोखंडी वूल, म्हणजे बारीक लोखंडी तारांचा पुंजका, टाकून ठेवायचं. भांडी घासायची स्टेनलेसची घासणी चालत नाही, तिला चांदी दाद देत नाही. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. एका रोलची चांदी ग्रॅमभरसुद्धा नसते, तेव्हा श्रीमंत व्हायच्या आशेनं कुणी करू नये.

"आम्ही कॉफीत रोल धुतो, एकदम इको-फ्रेंडली" म्हणणारी मुलंही भेटतात. कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यांनी चित्र उमटतं हे खरं. पण पुढं हायपो लागतोच, म्हणजे चांदीचा प्रश्न होता तिथंच. आणि मे महिन्यात परभणीत ब्लॅक अँड व्हाइटसाठी २० अंशाचं पाणी आणणार कुठून? गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. बर्फ लागतो, म्हणजे फ्रिज, म्हणजे वीज. हा हिशेब कुणी मांडत नाही.

झेनिटवाला, संभाजीनगर
डिजिटलचा हिशेब कोण मांडतंय, मॅडम? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. माझा कॅमेरा माझ्यापेक्षा वयानं मोठा. बॅटरी नाही, अपडेट नाही. नवा कारखाना त्याच्यासाठी चालत नाही.

गंगाकाठ, नांदेड
त्या ६.२ कोटी टनांत फ्रिज, टीव्ही, मोबाइल सगळं आलं. कॅमेरे किती? आणि तू मोबाइल टाकून दिलास काय? तो खिशात आहेच. रोल धुतल्यावर निगेटिव्हचा फोटो डिजिटल कॅमेऱ्यानं काढून इन्स्टावर टाकतोस. म्हणजे दोन्हीकडचा कचरा तुझाच. भविष्याचं म्हणशील तर १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकमध्येच बनला आणि २०१२ ला तीच कोडॅक दिवाळखोरीत गेली. आपल्या उटीच्या सरकारी कारखान्यातला 'इंदू' रोलही गेला.

झेनिटवाला, संभाजीनगर
कोडॅकचे रोल आजही विकले जातात. २०२४ ला पेंटॅक्सनं रोलवरचा नवाकोरा कॅमेरा काढला, फोटो अर्ध्या आकाराचा, म्हणून ३६ च्या रोलवर ७२ येतात. मेलेल्या धंद्यात कुणी एवढा पैसा घालत नाही.

एक्सरेवाला, बीड
मुद्दा वेगळाच आहे राव. आमच्या दवाखान्यात फिल्मचे एक्सरे होते तेव्हा हायपोचे कॅन न्यायला माणूस यायचा, वर पैसे द्यायचा. जुन्या फिल्म्याही न्यायचा. चांदी निघायची ना. एक्सरे डिजिटल झाले, कॅन भरेनात, त्याचं येणं बंद झालं. पूर्वी रोल जास्त होते पण हायपोला गिऱ्हाईक होतं. आता रोल मूठभर, म्हणून त्यांचा हायपो कुणालाच नको.

जुना स्टुडिओवाला, लातूर
हे मात्र बरोबर बोललात. आमच्याकडंही यायचा तसा एक. मी माझ्या दुकानात २० लिटरचा कॅन ठेवतो. लातुरातल्या पोरांनी आपापला हायपो आणून ओतावा, पैसे नकोत. वूल मी टाकतो.

गंगाकाठ, नांदेड
काका, ठेवा कॅन. पण तळाचा काळा गाळ कोण नेणार आणि वरचं लोखंडाचं पाणी कुठं ओतणार, तेही लिहा इथंच. तोवर माझं मत तेच.

प्रयोगशाळा, परभणी
गाळ वाळवून बरणीत भरून ठेवा, वर्षानुवर्षं काही होत नाही त्याला. वरच्या पाण्याचं विचारताय ते योग्य आहे. सगळी चांदी पहिल्या फेरीत उतरतेच असं नाही, म्हणून तेच पाणी दुसऱ्या बादलीत नव्या वुलावर घाला. तरीही नालीत नको.

लग्नसराई, जालना
मग कुठं, मॅडम?