वेगमर्यादा ओलांडली, पुढे काय झालं? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी,

मोटारीने वेगमर्यादा ओलांडली की महाराष्ट्रात २,००० रुपयांचं चलान येतं, एवढं आता घराघरांत माहीत झालंय. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाली, तेव्हापासूनचा हा आकडा. पण माझ्या ओळखीत ज्यांना वेगाने खरोखर पोळलं, त्यांचं नुकसान या दोन हजारांत मावणारं नाही. कुणाचं लायसन्स अडकलं, कुणाची गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात पावसाळाभर उभी राहिली. माझ्या एका आतेभावाच्या खटल्याच्या तारखा अजून चालू आहेत. मुलगा वाईट नाही, पण त्याच्या गाडीखाली एका घरातला कर्ता माणूस गेला आणि त्या घरासमोर आम्हाला आजही मान वर करून उभं राहता येत नाही.

म्हणून हा धागा. वेगापायी कायद्याशी तुमची, घरच्यांची किंवा ओळखीत कुणाची गाठ पडली असेल तर लिहा. चलान, कोर्ट, आरटीओ, विमा, व्हिसा, काहीही चालेल. कॅमेरे कुठे आहेत आणि कोणाला किती देऊन सुटलो, हे इथे नको. माणसांची नावं आणि गाडीचे नंबरही नकोत.

– रानवाट

कोयनाकाठ

आमच्या वाट्याला न केलेला गुन्हा आला. वडिलांच्या मोबाइलवर मेसेज आला: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, घाटाचा भाग, मर्यादा ६०, गाडीचा वेग ९४. त्या दिवशी आमची गाडी कराडला सर्व्हिसिंगला दिलेली होती. वडील म्हणाले, भरून टाकू, कशाला कटकट. मी महाट्रॅफिक ॲपवर फोटो उघडून मोठा करून पाहिला. तेच मॉडेल, तोच पांढरा रंग, नंबरही आमचाच. पण फोटोतल्या गाडीला पुढे फॉग लॅम्प होते. आमचं बेसिक मॉडेल, त्या जागी काळं प्लास्टिकचं झाकण आहे. शिवाय त्या गाडीच्या नंबर प्लेटवरची अक्षरं बारीक आणि एकमेकांना खेटून होती.

ॲपमध्येच तक्रारीची सोय आहे. तिथे गाडीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो, आरसी आणि गॅरेजचं त्या तारखेचं जॉब कार्ड जोडलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतली. चलान रद्द व्हायला बराच पाठपुरावा लागला, पण झालं. आपला नंबर लावून फिरणाऱ्या त्या गाडीने उद्या कुणाला उडवलं तर पोलीस पहिल्यांदा आपल्याच दारात येणार आहेत. त्यामुळे दोन हजार भरून गप्प बसू नका. भरले म्हणजे ती गाडी आपलीच होती, असं मान्य केल्यासारखं होतं.

नाकाबंदी

वाहतूक शाखेत आणि पुढे महामार्ग पोलिसांत नोकरी केली, आता निवृत्त आहे.

लेसर गन ज्या गाडीवर धरू त्याच गाडीचा वेग दाखवते. फोटो, वेळ, अंतर, मर्यादा सगळं त्यावर उमटतं. द्रुतगती मार्गावर आता कॅमेरे लावलेल्या दोन कमानींच्या मधला सरासरी वेगही मोजला जातो, त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून काही साधत नाही.

लोकांना एक गोष्ट माहीत नसते. जागेवर किंवा ऑनलाइन भरतो ती तडजोडीची रक्कम. ती भरली की प्रकरण तिथे मिटतं. मान्य नसेल तर कोर्टात म्हणणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तो बजावल्याबद्दल कुणी पोलीस तुम्हाला दमात घेऊ शकत नाही. कॅमेऱ्याच्या चलानासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७अ हा नियम आला. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, त्या पट्ट्याच्या आधी ठळक सूचनाफलक हवा आणि गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस निघायला हवी. हे नसेल तर जरूर बोट ठेवा. असेल तर मात्र 'बाकीचेही जात होतेच की' हा बचाव कोर्टात चालत नाही. काच खाली करून निम्मे लोक पहिलं वाक्य हेच बोलायचे.

आता लायसन्सबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं, की वेग, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाइल अशा गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. आम्ही प्रस्ताव आरटीओकडे पाठवायचो. तिथे माणसाला म्हणणं मांडायला बोलावतात, मग आदेश निघतो. पिवळ्या पाटीच्या गाडीवरचा एक पोरगा अजून आठवतो. पॅसेंजरला विमानतळावर पोचवायची घाई, मालकाचा सतत फोन, आणि पोरगा गनखाली सापडला. लायसन्स गेलं त्याच आठवड्यात मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. पोरगा तीन महिने मंडईत हमाली करत होता. घाई करायला लावणारा मालक आणि पॅसेंजर, दोघांनाही कायद्याने काही विचारलं नाही. मला हे नोकरीभर खटकत आलं.

रानवाट

नाकाबंदी काका, मनापासून आभार. मालकाच्या घाईची ही बाजू कुणी मांडत नाही.

काळा डगला

जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवतो. वेगाचं खरं बिल इथे येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसता वेग म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८३, त्यात मोटारीला फक्त दंड आहे. पोलिसांनी तेच चालवणं 'धोकादायक' म्हणून कलम १८४ लावलं तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. माणूस मेला तर १ जुलै २०२४ च्या आधीच्या अपघाताला भारतीय दंड संहितेचं ३०४अ, म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद. त्यानंतरच्या अपघाताला भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, त्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे. हे गुन्हे जामीनपात्र असल्याने लोक संध्याकाळी घरी येतात आणि सुटलो असं समजतात. पण खटला तिथून सुरू होतो.

माझ्याकडे एक तरुण अभियंता होता. राज्य मार्ग, रात्रीची वेळ, सायकलवरचा माणूस जागीच गेला. गाडी मुद्देमाल म्हणून जप्त झाली. ती सोडवायला कोर्टात अर्ज, आरटीओच्या निरीक्षकाचा तपासणी अहवाल, बंधपत्र एवढं सगळं लागलं. तोवर बॅटरी उतरली होती आणि सीटच्या फोमला बुरशी लागली होती, हप्ते मात्र चालूच. मग कंपनीने त्याला परदेशी पाठवायचं ठरवलं. पासपोर्टच्या नूतनीकरणात प्रलंबित फौजदारी खटला पुढे आला आणि त्यासाठी कोर्टाची परवानगी आणावी लागली. परवानगी मिळाली तेव्हा ती जागा दुसऱ्याला गेली होती. उलटतपासणीत पंच काय बोलला, वेग कशावरून ठरवला, ब्रेकच्या खुणा किती लांब, यावर तारखांमागून तारखा गेल्या. समोरच्या बाकावर मयताची बायको दर तारखेला यायची. तिची मजुरी बुडायची. तिला कोर्टात बोलावलेलं नसायचं, तरी यायची.

विम्याबद्दल लोकांचे गैरसमज फार आहेत. गाडीने दुसऱ्याचा जीव गेला तर थर्ड पार्टी विम्यातून त्याच्या वारसांना भरपाई मिळते, वेग होता म्हणून ती बुडत नाही. मात्र चालकाकडे वैध लायसन्स नसेल, तर कंपनी आधी वारसांना पैसे देते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायला कोर्टाची मुभा मागते. हे पैसे लाखांत असतात. उलट, चालक स्वतःच्याच बेदरकार वेगाने मेला तर? कर्नाटकातल्या अशाच प्रकरणात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वारसांचा दावा फेटाळला. दुसरं कोणतंही कारण नसताना गाडी स्वतःच्या वेगाने उलटली होती, म्हणून विमा कंपनी भरपाईला बांधील नाही, असं ठरलं. घरच्यांनी मागितले होते ८० लाख. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढलेला असेल तर त्याच्या अटींप्रमाणे जे मिळेल ते मिळेल. स्टिअरिंगवर बसणाऱ्या प्रत्येक कर्त्या माणसाने आपली पॉलिसी एकदा याच नजरेने वाचावी.

पोटोमॅक

व्हर्जिनिया, अमेरिका. नवरा आय-८१ महामार्गावरून येत होता. मर्यादा ताशी ७० मैल, रडारवर ९१. आम्हाला वाटलं, दोनेकशे डॉलरचं तिकीट असेल. या राज्यात मर्यादेपेक्षा २० मैल जास्त किंवा सरळ ८५ च्या वर गेलात तर ते 'रेकलेस ड्रायव्हिंग' होतं. हा साधा वाहतूक नियमभंग नाही, क्लास वन मिसडिमीनर म्हणजे फौजदारी गुन्हा आहे. कायद्यात १२ महिन्यांपर्यंत तुरुंग आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड लिहिलेला आहे. एच-वन-बी वर असलेल्या माणसाला त्या कागदावरचा 'मिसडिमीनर' हा शब्द वाचून रात्रभर झोप लागली नाही. व्हिसाच्या अर्जात अटक किंवा शिक्षा झाली होती का, हे विचारतातच.

अधिकाऱ्याने समन्सवर सही घेतली. ती सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नसते, तारखेला हजर राहीन एवढंच वचन असतं. सही करायला नकार देऊ नका. आम्ही त्या काउंटीतलाच वकील केला. त्याने तीन गोष्टी सांगितल्या: गाडीच्या स्पीडोमीटरची तपासणी करून दाखला घ्या, ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा कोर्स तारखेच्या आधी पूर्ण करा, डीएमव्हीतून (इथलं आरटीओ) स्वतःचं रेकॉर्ड काढा. रेकॉर्ड स्वच्छ होतं. न्यायाधीशांनी आरोप 'इम्प्रॉपर ड्रायव्हिंग'वर आणला, तो फौजदारी नाही. त्याच सकाळी आमच्या पुढे एक विद्यार्थी होता, वकिलाशिवाय आलेला. त्याला गुन्हेगार ठरवलेलं आम्ही पाहिलं. इथे नवीन आलेल्या प्रत्येक मराठी मुलाला मी हे सांगत असते. शेजारच्या राज्यात चालतं ते इथे चालत नाही.

नेकारकाठ

जर्मनी, श्टुटगार्ट. इथे कॅमेरा समोरून, चेहऱ्यासकट फोटो काढतो, कारण शिक्षा मालकाला नसते, चालवणाऱ्याला असते. आधी चौकशीचं पत्र येतं, त्यात चालक कोण ते कळवायचं. मित्राचा गावातला वेग ३ किलोमीटर वजा करून ८२ भरला, मर्यादा ५०. म्हणजे ३१ ते ४० जास्त या गटात: २६० युरो, फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत (देशभरातल्या चालकांच्या गुन्ह्यांची नोंद तिथे होते) दोन गुण आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. आठ गुण झाले की परवानाच जातो. पहिलीच बंदी असेल तर चार महिन्यांच्या आत सोयीचा महिना निवडता येतो. लायसन्सचं कार्ड पोस्टाने जमा करायचं. त्या महिन्यात चाकाला हात लावला तर तो स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे. मला ही पद्धत पटते. मंत्र्याचाही महिना ट्रामनेच जातो.

खजूरबाग

दुबई. मर्यादेपेक्षा ६० ने जास्त म्हणजे २,००० दिरहम, १२ काळे गुण आणि ३० दिवस गाडी जप्त. ८० ने जास्त असेल तर ३,००० दिरहम, २३ गुण, ६० दिवस. चोवीसाव्या गुणाला लायसन्स निलंबित होतं. आमच्या साइटवरच्या एकाची गाडी अशी जप्त झाली आणि ड्रायव्हिंग हेच त्याचं काम होतं. बाकी काय सांगू.

तुळशीवृंदावन

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेला जामीन सगळ्यांना आठवतो, पण मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ किती पालकांनी वाचलंय? अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला की पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याला बाह्यवळणावर पोलिसांनी वेगात पकडलं. गाडी मामाची. सुदैवाने कुणाला लागलं नाही. तरी खटला मामावर झाला, ज्याने भाच्याच्या हट्टापायी चावी दिली होती. बहीण-भावाचं बोलणं त्या दिवसापासून बंद आहे. मुलगा आता नोकरी शोधतोय आणि अर्जात 'चारचाकी परवाना आवश्यक' दिसलं की तो अर्ज बाजूला ठेवतो. आता अकरावीच्या पहिल्या पालकसभेत मी हे कलम मोठ्याने वाचून दाखवते. काही पालक नाराज होतात. होऊ देत.

गॅरेजगल्ली

जुन्या गाड्यांचा व्यवसाय, नागपूर. चलान गाडीच्या नंबरावर बसतं, त्यामुळे टोकन द्यायच्या आधी पोर्टलवर नंबर टाकून बघा. समृद्धीवर पळवलेल्या गाड्या हमखास येतात. तिथे मर्यादा १२० ची आहे तरी त्याच्याही वर चलानं सापडतात. विकणाऱ्याकडून ती आधी भरून घ्या, नावावर झाल्यावर तो फोन उचलत नाही. आणि गाडी विकली असेल तर आरटीओत नाव बदललं का ते स्वतः पाहा, नाहीतर नवा मालक पळवेल आणि मेसेज तुम्हाला येतील.

रानवाट

काळा डगला, एक शंका. सहा महिने चलान भरलं नाही की ते आपोआप रद्द होतं, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. खरं आहे का?

काळा डगला

अर्धवट खरं आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, अशी मुदत फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात पूर्वीही होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्येही आहे. पण त्या मुदतीत प्रकरण कोर्टात दाखल झालं असेल तर हा मुद्दा उरत नाही, आणि दाखल झालं की नाही ते तुम्हाला घरबसल्या कळेलच असं नाही. शिवाय मुदत गेली म्हणून पोर्टलवरचं चलान आपसूक पुसलं जात नाही. चलान मान्य असेल तर भरा, किंवा राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली तर तिथे जाऊन तडजोड करा. मान्य नसेल तर फोटो आणि कागद जपून ठेवा, तक्रार लेखी करा. समन्स आलं तर तारीख चुकवू नका, गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं.