‘कू-स्वेइ-पू’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : हाड मोडल्यावर चिनी वैद्य जी औषधं देतात, त्यांच्यावर लेख लिहितेय. ‘कू-स्वेइ-पू’ला ‘हाडजोड’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘त्ये-ता’ म्हणजे मुका मार ना?

उत्तर : ‘हाडजोड’ कृपया नको. ते नाव आपल्याकडे कांडवेलीचं. चौकोनी पेरांची ती वेल द्राक्षाच्या कुळातली. कू-स्वेइ-पू हा नेचा. वाचक भलतीच वनस्पती घरी आणेल.

कू म्हणजे हाड, स्वेइ म्हणजे चुरा झालेलं, पू म्हणजे भरून काढणं. आठव्या शतकातल्या एका चिनी औषधिग्रंथात म्हटलंय की याचं आधीचं नाव ‘माकड-आलं’; थांग सम्राट श्वान-त्सुंगने ते बदललं. जुनं नाव चपखल आहे. झाडाखडकांवर सरपटणारं ते जाड खोड आल्यासारखंच दिसतं, वर तांबूस दाट लव. औषधासाठी ते तापलेल्या वाळूत परततात, टम्म फुगलं की लव खरवडून काढतात.

सह्याद्रीत झाडांवर वाढणारं बाशिंग याच प्रजातीचं भावंड. म्हणून मी ‘चिनी बाशिंग’ लिहीन, पहिल्या उल्लेखात मूळ नावासकट.

‘त्ये-ता’ मुक्या मारापेक्षा मोठा. मुक्या मारात हाड शाबूत असतं. यात मुरगळण्यापासून हाड मोडण्यापर्यंत सगळं येतं. ‘पडल्याआपटल्याची दुखापत’ म्हणा.

प्रश्न : मग ‘या औषधांनी हाड बसतं’ असं लिहू?

उत्तर : नाही, इथे क्रियापद फार जपून वापरा. हाड बसवतो हाडवैद्य, हाताने. लिन ताओ-रन याच्या नावावरच्या नवव्या शतकातल्या ग्रंथातही आधी हाड ओढून जागेवर आणणं, मग झाडाच्या सालीच्या पट्ट्यांनी बांधणं सांगितलंय. पोटात घ्यायची औषधं त्याच्या जोडीला. सुरुवातीला साकळलेलं रक्त मोकळं करणारी (‘गोठलेलं’ नको, ‘साकळलेलं’च नेमकं), मग सांधणारी. चिनी बाशिंग आणि ‘श्यू-त्वान’ ही या टप्प्यावरची. श्यू-त्वानचा अर्थच ‘तुटलेलं सांधणं’. शेवटी मूत्रपिंडाला बळ देणारी, कारण चिनी वैद्यकात हाडं मूत्रपिंडाच्या अखत्यारीत येतात.

तेव्हा ‘हाड जुळून यायला मदत होते असं मानतात’ एवढंच लिहा. आणि आधी एक्स-रे काढायला सांगाच. नीट न बसवलेलं हाडही जुळतं, पण वाकडं.